गाडीची बॅटरी बदलताय? आधी हे पाहा

चैत्रातील दुपार. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी येथे श्री काळभैरवनाथाच्या दर्शनासाठी पुण्याहून एक कुटुंब आले आहे. काळभैरवनाथ आणि जोगेश्वरी हे अनेक घराण्यांचे कुलदैवत. त्यामुळे चैत्रातील यात्रेच्या दिवसांत मराठवाड्याबरोबरच पश्चिम महाराष्ट्रातूनही येथे भाविकांची रीघ लागलेली असते. दर्शन झाले, नैवेद्य झाला, प्रसादाचे ताट आटोपले. उन्हात तीन-चार तास उभ्या असलेल्या गाडीत मंडळी बसली, चावी फिरवली आणि ‘टक्’ असा एक क्षीण आवाज येऊन सारे शांत झाले. पुन्हा चावी, पुन्हा तोच आवाज. सकाळी दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेली गाडी दुपारी जागची हलायला तयार नाही.

आजूबाजूचे चार जण धावून येतात. कोणी धक्का मारायला सांगतो, कोणी परंड्याहून वायरमन बोलावतो, कोणी बार्शीतील बॅटरीच्या दुकानाचा दूरध्वनी क्रमांक देतो. थोड्या वेळाने एक दुकानदार मोटारसायकलवर नवी बॅटरी घेऊन हजर होतो. ‘साहेब, हीच बसते सगळ्या गाड्यांना’ असे तो सांगतो. सोबत वृद्ध आई-वडील, लहान मुले, वर चाळीस अंशांचे ऊन. अशा वेळी माणूस फारसा विचार न करता पैसे मोजून मोकळा होतो. ही खरेदी बरोबर ठरली तर प्रश्नच नाही. चुकली, तर सहा महिन्यांत पुन्हा तोच प्रसंग उभा राहतो, आणि काही वेळा गाडीच्या विद्युत यंत्रणेचेही नुकसान होते.

मोटारीची बॅटरी ही वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहणारी आणि नेमकी अडचणीच्या वेळी आठवण करून देणारी वस्तू आहे. इंजिनचे तेल, टायर, ब्रेक यांची चौकशी आपण करतो. बॅटरी मात्र ‘बसली’ की बदलायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. ती बदलताना नेमके काय पाहावे, दुकानदाराला कोणते प्रश्न विचारावेत आणि मुळात बदलण्याची गरज आहे की नाही हे कसे ओळखावे, याचा हा विचार.

बॅटरी करते तरी काय?

शिसे आणि गंधकाम्ल यांच्यावर चालणारी पुन्हा भारित होणारी बॅटरी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. आज आपल्या गाडीच्या बॉनेटखाली असलेली बॅटरी तत्त्वतः तीच आहे. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते १९१२ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर, म्हणजे आपल्या बोलीतला ‘सेल्फ’ बसविण्यात आला आणि हॅंडल मारून इंजिन चालू करण्याची यातायात हळूहळू संपली.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या संयुगांचा लेप दिलेल्या जाळीदार पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. पूर्ण भारित कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो, म्हणजे सहा कप्प्यांचे मिळून १२.६ व्होल्ट.

बॅटरीत साठलेल्या विजेचा फार मोठा भाग सेल्फ खातो, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ १५० अँपिअर ओढतो आणि दोन सेकंद चालतो असे धरले, तर खर्च होणारी वीज एक दशांश अँपिअर-अवरपेक्षाही कमी भरते. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत हा खर्च नगण्य आहे. प्रश्न साठ्याचा नसून झोताचा आहे. क्षणार्धात दीडशे-दोनशे अँपिअर देण्याची क्षमता बॅटरीत उरली आहे काय, यावर गाडी चालू होणे अवलंबून असते. म्हणूनच दिवे लागतात, हॉर्न वाजतो, रेडिओही चालतो. पण सेल्फ मारताच सारे मालवते. दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला पुरत नाहीत.

ऊन हाच खरा शत्रू

थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून थंडी बॅटरीला मारते, असे मानले जाते. युरोप-अमेरिकेतील पुस्तके वाचून हा समज अधिक पक्का होतो. प्रत्यक्षात थंडी बॅटरीचा अशक्तपणा उघड करते. तिचे आयुष्य कमी करते ती उष्णता. तापमान वाढले की बॅटरीतील रासायनिक क्रिया वेगाने होतात. त्यात नको असलेल्या क्रियाही आल्या. पट्ट्यांच्या जाळ्या गंजतात, पाणी उडून जाते, लेप सैल होऊन गळू लागतो. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली, त्यातही नुकतेच थांबविलेले इंजिन शेजारी असताना, तापमान साठ अंशांच्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे थंड हवेच्या देशात पाच-सहा वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांत थकते, यात नवल नाही. पुण्या-मुंबईतील वापर तर तिला आणखी जाचक ठरतो. दोन-तीन किलोमीटरचे फेरे, सिग्नलला थांबलेले इंजिन, वातानुकूलन चालू, दिवे चालू. अशा वेळी मंद गतीने फिरणारा अल्टरनेटर जेमतेम चालू खर्च भागवितो; बॅटरीची भरपाई होत नाही. ती सदैव अर्धपोटी राहते. अर्धवट भारित बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि एकदा ते घट्ट बसले की चार्जिंग करूनही पूर्वीची ताकद परत येत नाही.

उभी गाडीही बॅटरी खात असते. घड्याळ, गजर, दारांचे कुलूप, संगणकीय नियंत्रक यांना सतत थोडी वीज लागते. ती ५० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-अवर होतात. म्हणजे ३५ अँपिअर-अवरची चांगली बॅटरीही महिनाभरात रिकामी. २०२० मधील टाळेबंदीत सोसायट्यांच्या आवारात उभ्या असलेल्या असंख्य गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, त्यामागे हेच साधे गणित होते.

खरेच बदलायची आहे का?

गाडी चालू झाली नाही म्हणजे बॅटरी गेली, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. पहिल्यांदा टर्मिनल पाहावेत. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल किंवा पकड हाताने हलत असेल, तर दोष तिथेच असू शकतो. खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून टर्मिनल धुवावेत, कोरडे करावेत आणि पान्याने घट्ट आवळावेत. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

दुसरे साधन म्हणजे व्होल्टमीटर. कोणत्याही वायरमनकडे तो असतो. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण भार, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मा, १२.० म्हणजे जेमतेम पाव. कितीही चार्ज करून आकडा १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर सहापैकी एक कप्पा निकामी झाला आहे असे समजावे. अशा बॅटरीवर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही.

यानंतर सेल्फ मारताना आकडा पाहावा. पूर्ण भारित बॅटरीचा दाब त्या क्षणी साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर ती अशक्त झाली आहे. शेवटी इंजिन चालू असताना मोजावे. १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा आला तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत संगणक हा दाब गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, तेव्हा थोडा फरक दिसेल. परंतु इंजिन चालू असूनही आकडा साडेबाराच्या पुढे जातच नसेल, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. अशा गाडीत नवी बॅटरी बसविली तर तीही दोन दिवसांत उतरेल. उलट आकडा १५ च्या वर राहत असेल, तर अतिरिक्त चार्जिंगने नवी बॅटरीही भाजून निघेल. ‘नवी बॅटरी टाकली आणि आठवड्यात गेली’ या तक्रारींमागे बरेचदा हेच कारण असते.

दिवा रात्रभर चालू राहिल्यामुळे बॅटरी उतरली असेल आणि ती वर्ष-दोन वर्षांचीच असेल, तर ती दुकानात नेऊन सावकाश चार्ज करून घ्यावी. तिच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ३५ अँपिअर-अवरला साडेतीन अँपिअरने, दहा-बारा तास. तासाभरात ‘फास्ट चार्ज’ करून देणाऱ्याच्या नादी लागू नये. बॅटरी चार वर्षांची असेल आणि सकाळचा सेल्फ जड येऊ लागला असेल, तर मात्र लांबच्या प्रवासाआधी ती बदललेली बरी.

अंगावरची अक्षरे वाचा

नवी बॅटरी घेताना पहिला आधार गाडीच्या माहितीपुस्तकाचा आणि दुसरा जुन्या बॅटरीवरील अक्षरांचा. मात्र गाडी जुनी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने चुकीची बॅटरी बसविलेली असू शकते. म्हणून पुस्तकाला अग्रक्रम द्यावा.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन पद्धतींचे आकार आढळतात. पहिली जपानी. ‘३८ बी २० एल’ हा तिचा नेहमीचा नमुना. यातील ३८ हा बॅटरीच्या कार्यक्षमतेचा दर्जा दर्शवितो. तो अँपिअर-अवर नव्हे. या बॅटरीची क्षमता आपल्या बाजारात साधारण ३५ अँपिअर-अवर असते. ‘बी’ हे अक्षर रुंदी-उंचीचा गट सांगते. बी गटाची रुंदी सुमारे तेरा सेंटिमीटर, तर डी गटाची सुमारे सतरा. २० म्हणजे सेंटिमीटरमधील अंदाजे लांबी. शेवटचे अक्षर टर्मिनलची बाजू सांगते. दोन्ही टर्मिनल आपल्याकडच्या कडेला येतील अशा रीतीने बॅटरी समोर ठेवली, तर ‘एल’मध्ये धन टोक उजवीकडे आणि ‘आर’मध्ये डावीकडे येते.

दुसरी पद्धत जर्मन, ‘डीआयएन’ या नावाने ओळखली जाणारी. येथे आकडा सरळ क्षमतेचा असतो. ‘डीआयएन ४४’ म्हणजे ४४ अँपिअर-अवर. या बॅटऱ्या उंचीला कमी असतात, त्यांचे टर्मिनल वरच्या पृष्ठभागाच्या आत बसलेले असतात आणि गाडीत त्या बुडाशी असलेल्या कडेने पकडल्या जातात. जपानी पद्धतीची बॅटरी मात्र वरून आडव्या पट्टीने आवळली जाते. म्हणजे क्षमता जुळली तरी एक बॅटरी दुसरीच्या जागी नीट बसेलच असे नाही.

टर्मिनलची बाजू ही क्षुल्लक बाब नाही. बाजू उलटी असेल तर केबल पोहोचत नाही. ती ताणून बसविली तर घासते, आणि धन-ऋण यांची अदलाबदल झाली तर फ्यूज, अल्टरनेटर, प्रसंगी संगणकीय नियंत्रक क्षणात जळतात. टर्मिनलची जाडीही पाहावी. काही लहान गाड्यांत बारीक टर्मिनल असतात. जाड टर्मिनलासाठी असलेली पकड बारीक टोकावर पत्र्याची पट्टी कोंबून आवळणे हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा ‘जुगाड’ आहे. सैल जोडाशी ठिणगी पडते, उष्णता निर्माण होते आणि गाडी पुन्हा अनपेक्षित जागी दगा देते.

किती क्षमतेची?

लहान पेट्रोल मोटारींना साधारण ३५, मध्यम आकाराच्या गाड्यांना ४४-४५ च्या पुढे, तर मोठ्या डिझेल गाड्यांना ६५ ते ८० अँपिअर-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या लागतात. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबावी लागते, त्यामुळे त्याचा सेल्फ जास्त जोर मागतो. एकाच नावाच्या गाडीच्या पेट्रोल व डिझेल प्रकारांना वेगवेगळी बॅटरी लागू शकते. म्हणून दुकानदाराला केवळ गाडीचे नाव सांगून चालत नाही. इंधन, प्रकार आणि वर्षही सांगावे.

‘मोठी बॅटरी टाकली तर अल्टरनेटर जळतो’ अशी एक भीती आहे. जागेत व्यवस्थित बसणारी, थोडी अधिक क्षमतेची बॅटरी सर्वसाधारण गाडीला अपाय करीत नाही. सेल्फ आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेतो आणि अल्टरनेटर खर्च झालेलीच वीज परत भरतो. ३५ च्या जागी ४० बसविल्याने गाडीवर आपत्ती येत नाही. तसा मोठा लाभही होत नाही. खरा धोका आकाराचा आहे. उंच बॅटरीचे धन टोक बॉनेटच्या पत्र्याला टेकले तर आग लागू शकते. लहान बॅटरी मात्र कदापि घेऊ नये. ती आज गाडी चालू करील, पण रोजच्या ओढीने लवकर थकेल.

लेबलवर ‘सीसीए’ असाही एक आकडा असतो. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात बॅटरी तीस सेकंद किती प्रवाह देऊ शकते, याचे ते माप. सोनारीत किंवा पुण्यात उणे १८ कधीच होत नाही, मग त्याचे काय करायचे? दोन बॅटऱ्यांच्या जोराची तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे. मात्र हे माप काढण्याच्या अमेरिकी, युरोपीय, जपानी अशा निरनिराळ्या पद्धती आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा एकाच पद्धतीच्या आकड्यांची तुलना करावी. आपल्या हवामानात आकड्याच्या मोठेपणापेक्षा उष्णता सोसण्याची ताकद आणि ताजेपणा यांना अधिक महत्त्व आहे.

कोणत्या प्रकारची?

पूर्वी बॅटरीला झाकणे असत आणि दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे. आता बहुतांश मोटारींत पट्ट्यांसाठी कॅल्शियमचे मिश्रण वापरलेल्या ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटऱ्या असतात. त्यांत पाणी कमी उडते. झाकणे असलेली बॅटरी किमतीने स्वस्त पडते. पण पाण्याची पातळी नियमित पाहण्याची सवय असेल तरच ती घ्यावी. तिच्यात नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षार पट्ट्या खराब करतात. पातळी कमी झाली म्हणून ॲसिडही घालू नये. उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे.

सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच किंवा ब्रेकच्या हालचालीसरशी चालू होणाऱ्या गाड्यांचा विचार वेगळा. त्यांना दिवसातून शेकडो वेळा सेल्फ मारावा लागू शकतो. त्यासाठी ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ या अधिक चिवट बॅटऱ्या असतात. एजीएममध्ये काचतंतूंच्या चटईत ॲसिड शोषून घेतलेले असते. गाडीत मुळात ज्या प्रकारची बॅटरी आहे, त्याच प्रकारची बदलताना घ्यावी. एजीएमच्या जागी साधी बॅटरी बसविली तर हजार-दोन हजार रुपये वाचल्याचा आनंद काही महिनेच टिकतो. काही उंची गाड्यांत नवी बॅटरी बसविल्याची नोंद संगणकात करावी लागते. ती न केल्यास गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करीत राहते. अशा गाड्यांचे काम अधिकृत कार्यशाळेतच करावे.

इलेक्ट्रिक मोटारीचे मालक या चर्चेतून सुटले, असे कोणी समजू नये. मुख्य लिथियम बॅटरीखेरीज त्यांतही सामान्यतः १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. दिवे, कुलूप, संगणक तिच्यावर चालतात. ती उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

ताजेपणा आणि हमी

बॅटरी ही भाजीसारखी नाशवंत वस्तू आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. दुकानाच्या फळीवर ती आपोआप उतरत राहते, आणि पत्र्याच्या छपराखालच्या तापलेल्या दुकानात तर अधिक वेगाने. म्हणून निर्मितीचा महिना विचारावा. कंपन्या तो सांकेतिक अक्षरांत छापतात. दुकानदाराकडून तो उलगडून घ्यावा. तीन महिन्यांच्या आतील बॅटरी उत्तम. सहा महिन्यांहून जुनी असेल आणि मध्ये चार्ज केलेली नसेल तर नाकारावी. पैसे देण्यापूर्वी व्होल्टमीटर लावून दाखवायला सांगावे. १२.४ च्या खाली आकडा असेल, तर दुसरी मागावी. यात संकोच कसला?

हमीचे आकडे पाहून भुलू नये. ‘४८ महिने हमी’ याचा अर्थ चार वर्षे मोफत बदल असा नसतो. यातील पहिला काही काळ, समजा २४ महिने, मोफत बदलाचा असतो. उरलेल्या काळात नव्या बॅटरीवर वापराच्या प्रमाणात सूट मिळते. ही सूट बहुधा छापील किमतीवर मोजली जाते. बाजारात तीच बॅटरी छापील किमतीपेक्षा कमी दराने मिळत असल्याने सुटीचा प्रत्यक्ष लाभ दिसतो त्याहून बराच कमी भरतो. म्हणून तुलना करताना एकूण महिन्यांपेक्षा मोफत बदलाचे महिने पाहावेत. मोफत बदलून मिळालेल्या बॅटरीला सर्वसाधारणपणे नवी हमी मिळत नाही. पहिल्या बॅटरीची उरलेली हमीच पुढे चालते. गाडी भाड्याने चालत असेल तर हमीचा काळ कमी असतो, हेही लक्षात ठेवावे. विकत घेतानाच हमीपत्रावर क्रमांक, तारीख, गाडीचा नंबर आणि दुकानाचा शिक्का घ्यावा, पक्के बिल घ्यावे. हमी देशभर चालणारी आहे ना, हे प्रवासात बॅटरी घेताना आवर्जून विचारावे. बार्शीत घेतलेल्या बॅटरीसाठी पुण्याहून बार्शीला जाणे कोणाला परवडेल?

जुन्या बॅटरीचे मोल

जुनी बॅटरी दुकानदाराला देताना तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होते. लहान गाडीची बॅटरीही साधारण दहा किलो भरते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. हे शिसे पुन्हा वितळवून वापरता येते, म्हणून तिला मोल आहे. दोन दुकानांच्या दरांची तुलना करताना जुनी बॅटरी धरून की वगळून, हे स्पष्ट विचारावे. अनेकांची फसगत इथेच होते.

चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती दारावर आलेल्या भंगारवाल्याला देणे मात्र टाळावे. उघड्यावर बॅटरी फोडून ॲसिड गटारात ओतले जाते आणि शिसे भट्टीत वितळविले जाते. त्या धुराची व धुळीची सर्वाधिक झळ लहान मुलांना बसते, कारण शिसे त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. केंद्र सरकारने २००१ मध्ये शिशाच्या बॅटऱ्यांसाठी नियम केले होते. त्यांची जागा २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठविण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर आहे आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी सोपविण्याची जबाबदारी ग्राहकावरही आहे.

बसवताना डोळे उघडे ठेवा

बॅटरी काढताना आधी ऋण आणि मग धन टोक सोडवायचे. बसविताना आधी धन आणि शेवटी ऋण. या क्रमाला कारण आहे. ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. ते जोडलेले असताना धन टोकावरील पाना चुकून पत्र्याला टेकला तर प्रचंड ठिणगी उडते. जवळ सिगारेट, काडी नको. बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघत असतो. पकडपट्टी घट्ट बसविली आहे ना, हे हाताने हलवून पाहावे. खड्ड्यांतील हादऱ्यांनी सैल बॅटरीच्या पट्ट्यांचा लेप गळतो. टर्मिनलवर शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

आता पुन्हा सोनारीकडे वळू. गाडी बंद पडली आहे आणि दुकानदार बॅटरी घेऊन आला आहे. सर्वप्रथम त्याच्या मीटरने जुनी बॅटरी तपासून घ्यावी. शेजारच्या गाडीवरून जंप केबलने इंजिन चालू होते का पाहावे. धन टोक धन टोकाला. चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची केबल मात्र आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. गिअर हाताने बदलावे लागणाऱ्या गाडीला धक्का मारून चालू करता येते. ऑटोमॅटिक गाडीला नाही. इंजिन चालू झाले आणि चार्जिंगचा आकडा ठीक असला, तर ते बंद न करता बार्शीसारख्या मोठ्या गावापर्यंत जावे आणि तिथे चार दुकाने पाहून निवांतपणे खरेदी करावी.

तेही शक्य नसेल, तर समोर आलेल्या बॅटरीबाबत पाच गोष्टी जुन्या बॅटरीशी ताडून पाहाव्यात : लांबी-रुंदी-उंची, धन टोकाची बाजू, टर्मिनलची जाडी, क्षमता आणि प्रकार. सोनारीतच साखर कारखाना आहे. परिसर उसाचा आणि ट्रॅक्टरचा. अशा भागातील दुकानात ट्रॅक्टरच्या व सर्वाधिक खपाच्या गाड्यांच्या बॅटऱ्या असणे स्वाभाविक आहे. नव्या धाटणीच्या गाडीची एजीएम बॅटरी तिथे मिळेलच असे नाही. पाचपैकी आकार, बाजू आणि जाडी या तीन गोष्टी जुळत नसतील, तर ‘बसते’ असे कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी नको म्हणावे. प्रकार किंवा क्षमता थोडी निराळी असेल, तर घरी पोहोचण्यापुरती सोय म्हणून ती भाड्याने किंवा परत घेण्याच्या बोलीवर मिळते का, ते विचारावे.

आणि हे सारे टाळण्याचा सोपा मार्ग यात्रेला निघण्यापूर्वीचा आहे. बॅटरीला तीन वर्षे झाली असतील तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या वायरमनकडून ती तपासून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे. नैवेद्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, मुलांच्या टोप्या यांची यादी आपण करतोच. त्या यादीत एक ओळ बॅटरीचीही असू द्यावी, म्हणजे परतीचा प्रवास भैरवनाथाच्या भरवशावर सोडावा लागणार नाही.